गिटार शिकताना बोटांना दोष देण्याआधी बारावा फ्रेट मोजा

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी नववीत आहे. आतेभावाने आपली जुनी गिटार तिला दिली. दोन महिने ती मोबाईलवर बघून शिकते आहे. बोटांना घट्टे पडले तरी आवाज स्वच्छ येत नाही, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर) तर लागतच नाही आणि घरच्या पेटीबरोबर वाजवलं की बेसूर वाटतं. वडील भजनात गातात, त्यांची पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. मुलीची काळी चार. रोज बेळगावला क्लासला जाणं जमण्यासारखं नाही. गिटार बदलायची का, कुठल्या क्रमाने शिकायचं आणि भजनाला तिची साथ कधी होईल, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, गिटार लगेच बदलू नका आणि मुलीलाही बोलू नका. दोन महिने नेमाने वाजवणाऱ्या मुलीचा साधा ई मायनर स्वच्छ वाजत नसेल, तर चूक बहुधा तारांच्या उंचीत असते. बरेच दिवस कोपऱ्यात पडून राहिलेली गिटार आपल्याकडच्या पावसात दमट होते, तिचं पोट फुगतं, तारा फ्रेटपासून (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर उचलल्या जातात. मग जिथे बोट नुसतं टेकवायचं तिथे दाबून धरावं लागतं. आधी वाद्य तपासू, मग हात.

वाद्याची तपासणी

पहिल्यांदा तारा बघा. बारीक तीन तारा नायलॉनच्या असतील आणि सगळ्या तारा ब्रिजला (गिटारच्या पोटावर चिकटवलेल्या लाकडी पट्टीला) गाठ मारून बांधलेल्या असतील, तर ती क्लासिकल गिटार. तिला स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या बारा नंबरच्या सेटचा (पहिली तार ०.०१२ इंच) ७० किलोच्या वर जातो. ब्रिज उखडून हातात येतो. तारा स्टीलच्या आणि ब्रिजमध्ये पिना खोचलेल्या असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

उंची मोजण्याआधी सहाही तारा सुरात लावून घ्या. ढिल्या तारांवर घेतलेलं माप खोटं असतं, कारण ताण आल्यावर मान किंचित पुढे वाकते. मग शून्य थेट कडेपासून सुरू होणारी स्टीलची फूटपट्टी बाराव्या फ्रेटच्या धातूवर उभी धरा (मानेवर जोडीने दोन ठिपके असतात तिथला फ्रेट). फ्रेटचा माथा ते तारेची खालची बाजू हे अंतर वाचा. कंपासमधली प्लास्टिकची पट्टी इथे चालत नाही. तिच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर कोरी जागा असते आणि आपल्याला मोजायचं अंतरच तेवढं आहे. जाड सहाव्या तारेखाली २.५ आणि बारीक पहिल्या तारेखाली २ मिलिमीटर असेल तर नवशिक्याला उत्तम. ३ पर्यंत निभावतं. ३.५ च्या वर असेल तर त्या गिटारवर एफ कॉर्डची अपेक्षाच करू नये.

दुसरी तपासणी नटची, आणि स्वस्त गिटारींची खरी गोम इथेच असते. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे, मानेच्या टोकाला असलेली खाचांची पांढरी पट्टी. एकेक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर राहते ते बघा. वहीच्या एका पानाएवढी, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर फट हवी. लग्नपत्रिकेचा जाड कागद सहज सरकत असेल तर खाचा पुरेशा खोल नाहीत. त्याने दोन गोष्टी बिघडतात. पहिल्या फ्रेटवर भलताच जोर लागतो, आणि तार खाली दाबताना ताणली जाऊन सूर चढतो. सुट्या तारा अगदी काटेकोर लावल्या तरी सी किंवा एफ कॉर्ड पेटीशी जुळत नाही, त्याचं हे मोठं कारण. घरच्या कानशीने खाच खोल करायला जाऊ नका. केसभर जास्त गेली की सुटी तार पहिल्या फ्रेटवर घासून झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

तिसरी तपासणी मानेची. सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि चौदाव्यावर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि धातू यांच्यामध्ये वहीची दोन-तीन पानं मावतील एवढी फट, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर, असायला हवी. पुष्कळ जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे. मानेत बसवलेल्या लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, ती सरळ करता येते. पण रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही आणि पहिल्यांदा तरी जाणत्या माणसाकडूनच करून घ्यायचा. रॉड अडला असताना जोर लावला तर तो तुटतो, आणि तुटलेला रॉड काढण्याचा खर्च अशा गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का ते बघा. सरकत असेल तर डिंक सुटू लागला आहे. त्याच दिवशी तारा ढिल्या करून ठेवा आणि दुरुस्तीला न्या.

बेळगावात गिटारचं काम करणाऱ्याकडे नेताना ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच सांगू नका, मोजलेली मापं कागदावर लिहून द्या. बाराव्या फ्रेटवर अमुक आहे, २.५ आणि २ हवं. नटच्या खाचा उतरवून हव्यात. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची पांढरी पट्टी, खालून घासून उतरवतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावी लागते. मिरजेला नेली तर चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. तिथले कारागीर सतार-तानपुऱ्याच्या कामात पिढ्यान् पिढ्या मुरलेले आहेत, पण तानपुऱ्याला जी जवारी, म्हणजे तारेची झणझण, मुद्दाम काढतात तीच गिटारमध्ये दोष ठरते. गिटारचं काम केलेलं आहे का हे विचारून मगच द्या.

दुरुस्ती होईपर्यंत मुलीचा सराव थांबायला नको. त्यासाठी एक युक्ती आहे. सहाही तारा दोन-दोन फ्रेट खाली उतरवा (पेटीवर दोन पट्ट्या खाली, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) आणि दुसऱ्या फ्रेटवर कापो (सहाही तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर पूर्वीचाच राहतो, पण उंच नट खेळातून बाद होतो, तारा सैल पडतात आणि फ्रेट थोडे जवळ येतात. नटचीच खोट असेल तर त्याच दिवशी तिच्या आवाजात फरक ऐकू येईल.

तारा काळ्या पडल्या असतील, बोटाला खरखर लागत असेल, तर नवा सेट घाला. तिच्या वयाला दहा नंबरचा सेट घ्यावा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची. दुकानात पुष्कळदा बाराचा हातात ठेवतात. त्याचा आवाज भरदार, पण दाबायला जड. तार बदलताना तिच्या टोकाची गोळी पिनेच्या खोबणीत न अडकता आतल्या लाकडाला टेकली पाहिजे, म्हणून पिन बसवून तार वर ओढून बघायची. खुंटीच्या पुढे साधारण पाच सेंटिमीटर ढील ठेवून कापायची, म्हणजे जाड तारांना दोन-तीन वेढे बसतात. बारीक दोन तारांना चार-पाच असू द्या. वेढे खुंटीवर वरून खाली उतरत जावेत. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते. चिमटीत धरून हलकेच ताणायची आणि पुन्हा लावायची, चार-पाच वेळा. हे न केल्यामुळेच ‘गिटार सूर धरत नाही’ अशी तक्रार येते.

सूर आणि घरची पेटी

पेटी घरात आहे हे तुमचं मोठं भांडवल. बारीक तारेपासून मोजलं तर गिटारच्या तारा अशा: पहिली ई म्हणजे पांढरी तीन, दुसरी बी म्हणजे पांढरी सात, तिसरी जी म्हणजे पांढरी पाच, चौथी डी म्हणजे पांढरी दोन, पाचवी ए म्हणजे पांढरी सहा, सहावी पुन्हा पांढरी तीन, पण दोन सप्तकं खाली. हे मुलीला पाठ करू द्या, पुढे पट्टी काढताना लागतं.

मोबाईलवरचा ट्यूनर ए ४४० हर्ट्झ धरून चालतो. जुन्या पेट्या याच्या किंचित वर किंवा खाली असतात. ट्यूनर बरोबर, पेटीही आपल्या जागी बरोबर, आणि दोन्ही एकत्र वाजले की बेसूर! पेटीचा सूर घरी बदलता येत नाही, म्हणून गिटारने पेटीकडे जायचं. ट्यूनरसमोर पेटीची पांढरी सहा एकसारख्या भात्याने वाजवा, तो ४४० ऐवजी काय दाखवतो ते बघा आणि ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ए चा आकडा तेवढा करा. बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते. नसेल तर पाचवी तार पेटीच्या पांढरी सहाशी कानाने जुळवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की सुट्या पाचव्या तारेचा सूर मिळतो, पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की चौथीचा, चौथी पाचव्या फ्रेटवर की तिसरीचा. तिसरी मात्र चौथ्या फ्रेटवर दाबायची, तिथे दुसरीचा सूर असतो. आणि दुसरी पुन्हा पाचव्यावर, तिथे पहिलीचा.

तार नेहमी खालून वर आणून थांबायचं. चढली तर पार खाली उतरवून पुन्हा वर यायचं, नाहीतर खुंटीच्या दात्यातली ढील राहते आणि दोन मिनिटांत सूर उतरतो. पिळताना ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक दोन-तीन वेळा फिरवा. पहिली तार सारखी तुटते, तेव्हा बहुधा ती एक सप्तक वर ओढली जात असते. ट्यूनर नुसतं ‘ई’ दाखवतो, कुठलं ई ते कान लावून बघायचं.

गाण्याचा कान असलेल्या मुलांना आणखी एक गोष्ट खटकते. तारा बरोबर असूनही मेजर कॉर्डमधला गांधार चढा वाटतो, आणि तो खरंच चढा असतो. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरांवर बसवलेले असतात आणि तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या शुद्ध गांधारापेक्षा हा गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) वर असतो. ई कॉर्ड गोड लागावा म्हणून तिसरी तार थोडी उतरवली की जी कॉर्ड लगेच बिघडतो. एका कॉर्डच्या नादाने तार हलवू नये. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट नाहीत. एवढं समजलं की मूल आपल्या कानावर शंका घेत नाही.

बसणं आणि दाबणं

हात नसलेल्या खुर्चीवर बसायचं. गादीवर मांडी घालून नाही, कारण पाठ वाकते आणि डावं मनगट दुमडतं. गिटारची कंबर उजव्या मांडीवर, मान जराशी वर. बोटं दिसावीत म्हणून सगळ्या मुली-मुलगे गिटार स्वतःकडे कलती करतात. त्याने मनगट आणखी मोडतं आणि बोटांची टोकं आडवी पडतात. गिटार उभीच ठेवायची, आपली मान किंचित पुढे करून डोकावायचं.

बोट फ्रेटच्या धातूला अगदी लागून, खुंट्यांकडच्या बाजूला. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो आणि तरी झणझणतं. किती जोर पुरे हे शोधायचा एक छान सराव आहे. तारेवर बोट नुसतं टेकवायचं, उजव्या हाताने तार छेडत राहायचं आणि हळूहळू दाब वाढवायचा. आधी मुका ‘टक्’, मग झणझण, मग स्वच्छ सूर. सूर स्वच्छ झाला तिथेच थांबायचं. बहुतेक नवशिके याच्या कितीतरी पट दाबत असतात आणि अंगठ्याने मागून चिमटा काढतात. अंगठा मधल्या बोटाच्या साधारण मागे, सैल.

टोकांना दुखणं दोन-तीन आठवड्यांचं असतं. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच वाजवू नये, कातडी मऊ असते तेव्हा तार कापते. पण मनगट, कोपर किंवा अंगठ्याचा तळ दुखला, बोटांना मुंग्या आल्या, तर त्या दिवशी बंद. ते दुखणं सवयीने जात नाही, वाढतं.

कॉर्ड कुठल्या क्रमाने

मोबाईलवर शिकवणारे काहीजण सी, जी, एफ पासून सुरू करतात, कारण सारेगमच्या हिशोबाला ते सोपं. हाताला मात्र तो क्रम उलटा आहे. तिला असा जाऊ द्या. तर्जनी १, मधलं २, अनामिका ३, करंगळी ४ धरू.

ई मायनर: पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर २ ने, चौथी दुसऱ्यावर ३ ने. सहाही तारा वाजवायच्या. याच्यात तिसरी तार पहिल्या फ्रेटवर १ ने दाबली की ई मेजर. हाच आकार उचलून एकेक तार खाली, बारीक तारांकडे, सरकवला की ए मायनर: चौथी दुसऱ्यावर २, तिसरी दुसऱ्यावर ३, दुसरी पहिल्यावर १, सहावी तार सोडायची. ए मायनरमधून फक्त अनामिका उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवली की सी. एका बोटाचं काम. इथे नेमकं असं बिघडतं, की तर्जनीचं पेर खालच्या पहिल्या तारेला टेकतं आणि ती मुकी होते. नख कापलेलं हवं आणि बोटाचं टोक उभं.

मग जी: सहावी तिसऱ्यावर ३, पाचवी दुसऱ्यावर २, पहिली तिसऱ्यावर ४. करंगळी सुरुवातीला ऐकत नाही, तरी हाच आकार धरा, कारण सीवरून येताना २ आणि ३ दोन्ही एकेक तार वर सरकतात. डी: तिसरी दुसऱ्यावर १, दुसरी तिसऱ्यावर ३, पहिली दुसऱ्यावर २, आणि वाजवायचं चौथ्या तारेपासून. ए: चौथी, तिसरी, दुसरी या तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर, बोटांची गर्दी होते, तिथे १-२-३ एकमेकांना चिकटून बसतील तशी बसू द्या.

कॉर्ड बसला की नाही हे सगळ्या तारा झोडून कळत नाही. एकेक तार सुटी छेडायची. मुकी तार सापडली की बोट उचलून बघायचं की शेजारचं बोट आड येतंय, की दाब कमी आहे, की फ्रेटपासून लांब आहे. एकाच फ्रेटवर सगळेच कॉर्ड झणझणत असतील तर फ्रेट वर आलेला असू शकतो. तो पुन्हा वाद्याचा दोष.

यानंतर खरं काम बदलाचं. दोन कॉर्ड घ्या, ६० सेकंद लावा, स्वच्छ बदल किती झाले ते मोजून वहीत लिहा. सुरुवातीला १० झाले तरी ठीक. ३० पर्यंत गेल्यावरच ती जोडी गाण्यात घ्यायची. बोटं एकामागून एक ठेवायची नाहीत. हवेतच आकार करून एकदम टेकवायचा. ए मायनर ते सी ही जोडी लवकर होते, सी ते जी ला दिवस लागतात, जी ते डी सगळ्यात उशिरा. एकाच जोडीवर एक आठवडा रेंगाळला तर बिघडत नाही.

एफला घाई नको. आधी छोटा एफ: चौथी तिसऱ्यावर ३, तिसरी दुसऱ्यावर २, दुसरी पहिल्यावर १, पहिली सुटी. कानाला थोडा वेगळा लागतो पण काम भागतं. पूर्ण आडवं बोट, म्हणजे तर्जनीने सहाही तारा एकदम दाबणं, शिकायचं ते पाचव्या फ्रेटपाशी, तिथे नट लांब असतो आणि कमी जोरात तारा दबतात. तर्जनी चपटी नाही, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलती. कोपर अंगाजवळ, म्हणजे चिमटीपेक्षा हाताच्या वजनाने बोट मागे ओढलं जातं. पाचव्यावर स्वच्छ आलं की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं आठ-दहा दिवसांनी एकेक पायरी खाली. पहिल्या फ्रेटवर पोचेपर्यंत दीड-दोन महिने जातात.

ठेका

तबला ऐकून मोठी झालेली मुलगी इंग्रजी बाणांच्या खुणा पाठ करण्यापेक्षा केरव्यावरून लवकर शिकेल. केरव्याच्या आठ मात्रा, धा गे ना ती ना के धिं ना. उजवा हात लोलकासारखा चालू ठेवायचा: विषम मात्रेला (१, ३, ५, ७) खाली, सम मात्रेला (२, ४, ६, ८) वर. आठही मात्रांना हात हलतो, पण तारांना स्पर्श फक्त १, ३, ४, ६, ७ आणि ८ ला. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात हवेतून जातो. या रिकाम्या पाचव्या मात्रेमुळेच चाल येते. मुलं तिथे हात थांबवतात आणि लय कोलमडते. डाव्या हाताने तारा मुक्या ठेवून, नुसती खसखस करत, मिनिटाला ६० मात्रांवर पाच मिनिटं हे केलं की हात मोकळा होतो.

दादऱ्याला सहा मात्रा. पहिलीला आणि चौथीला कॉर्डची जाड तार अंगठ्याने, बाकी चारला बारीक तारांवर हलका खाली मार. खांद्यातून नाही, मनगटातून. पिक (तारा छेडायची प्लास्टिकची चकती) वापरत असेल तर पातळ घ्यावं, टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर ठेवून धरावं. जास्त बाहेर राहिलं की तारेत अडकतं.

भजनाची साथ

तिची काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कापो लावून जी, सी आणि डी चे आकार वाजवले की झालं. जी तिचा षड्ज. वडिलांची काळी एक म्हणजे सी शार्प. तिथे पहिल्या फ्रेटवर कापो आणि सी चे आकार असं कुणीही सांगेल, पण त्यात मध्यमाला एफ येतो. तो बसेपर्यंत चौथ्या फ्रेटवर कापो लावून ए, डी, ई वाजवू द्या. पट्टी तीच, एफ नाही. मंडळींपैकी कुणी काळी दोनमध्ये गात असेल तर कापो पहिल्या फ्रेटवर आणि डी, जी, ए. काळी तीनला डी चेच आकार, कापो चौथ्यावर. काळी पाचला कापो पहिल्यावर आणि ए चे आकार. कापो फ्रेटच्या अगदी जवळ लावायचा, पण धातूवर नाही, आणि लावल्यानंतर सूर पुन्हा तपासायचा, कारण तो तारा थोड्या चढवतो.

कुठे कुठला कॉर्ड? शुद्ध स्वरांच्या चालीत सोपा नियम: समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) गाणाऱ्याचा सूर सा, ग किंवा प असेल तर षड्जाचा कॉर्ड; म किंवा ध असेल तर मध्यमाचा; रे किंवा नी असेल तर पंचमाचा. वडिलांच्या पट्टीत हे अनुक्रमे ए, डी, ई. चालीत गांधार कोमल असेल तर षड्जाचा कॉर्ड मायनर, म्हणजे ए ऐवजी ए मायनर.

पण भैरव, तोडी अशा अंगाच्या अभंगांना कॉर्ड लावायचा हट्ट धरू नये. चुकीचा गांधार किंवा धैवत कॉर्डमधून वाजला की गाणाऱ्याचा सूर हलतो. अशा वेळी सा-प-सा एवढंच द्यावं: चौथ्या फ्रेटवर कापो असताना पाचवी तार सुटी, चौथी आणि तिसरी कापोपासून दुसऱ्या फ्रेटवर, बाकीच्या तारांना हात नाही. तानपुऱ्यासारखं संथ छेडलं की पखवाज आणि टाळांच्या मध्ये ते शोभतं. भजनात गिटारचा आवाज पेटीच्या खाली राहिला पाहिजे.

कॉर्डचे बदल मिनिटाला ३० झाले आणि केरवा हातात बसला, की सोप्या चालीला ती बसू शकते. गिटार दुरुस्त होऊन रोज अर्धा तास मिळाला तर त्याला साधारण तीन-चार महिने धरा. हा अर्धा तास सलग नको: सकाळी दहा मिनिटं बदल, संध्याकाळी दहा मिनिटं ठेका, रात्री दहा मिनिटं गाणं. रविवारी दोन तास वाजवून आठवडाभर हात न लावणाऱ्याच्या बोटांची टोकं कधी घट्ट होत नाहीत.

पावसाळा

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस गिटारला सोसत नाही. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि जून ते सप्टेंबर घरातली हवा याच्या कितीतरी वर असते. गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नाही. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने वरून-खालून पुसून जाड बॅगेत ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. रंग बदलणारे दाणे मिळतात. रंग उतरला की स्वयंपाकात न वापरणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा कामाला येतात. गिटार चुलीजवळ किंवा माळ्यावर पत्र्याखाली ठेवून ‘सुकवणं’ दमटपणाहून वाईट, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर ब्रिजचा डिंक मऊ पडतो. पावसात तारांची उंची अर्धा मिलिमीटर वाढलेली दिसली तर लगेच सॅडल घासून घेऊ नका. दिवाळीनंतर पोट बसतं आणि मग तारा फ्रेटला लागायला लागतात. माप जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, दोनदा घ्या. अथणी-चिक्कोडीकडे उलट त्रास: एप्रिलमध्ये फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला बोचतात.

नवी गिटार घ्यायचीच वेळ आली, म्हणजे मान पिळलेली निघाली किंवा ट्रस रॉड फिरतच नसला, तर दुकानात फूटपट्टी घेऊन जा आणि वरच्या चारही तपासण्या तिथेच करा. चकचकीत रंगाच्या, कापलेल्या खांद्याच्या अतिस्वस्त गिटारींत नट उंच आणि रॉड नावापुरता, असं वारंवार आढळतं. रंगावर जाऊ नये.

क्लासला रोज जायची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा बेळगावला जा, पण जाण्याआधी मुलीच्या दोन्ही हातांचा समोरून आणि अंगठ्याच्या बाजूने एकेक मिनिटाचा व्हिडिओ काढा, बदलांच्या आकड्यांची वही बरोबर घ्या आणि शिक्षकांना तीनच गोष्टी बघायला सांगा: डावा अंगठा, उजवं मनगट आणि सी वरून जी ला जाताना कुठलं बोट उशिरा पोचतं.